फळ्यावर नाव कुणाचे?

एकदा एक कॉलेजकन्या पाचवीच्या वर्गाला शहाणे करायला निघाली. ऋजुता तिचे नाव. एका निवृत्त गुरुजींच्या सेवामंडळात ती नुकतीच दाखल झाली होती. मुलांनी एकमेकांना चिडवू नये, छळू नये, हा तिचा पहिलाच पाठ. उत्साह नुसता उतू जात होता.

वर्गात कुणाला चिडवले जाते, असे तिने विचारताच चाळीस बोटे एकाच बाकाकडे वळली. तिथे यमुना बसली होती. ती बोलताना अडखळते, मागची दोन मुले तिची नक्कल करतात आणि सगळा वर्ग हसतो, हेही मुलांनी हसतहसतच सांगितले. आमच्या बाईंनी काय करावे? खडू उचलून ठळक अक्षरांत लिहिले, 'यमुनाला त्रास देऊ नये.' आता त्या शाळेत फळ्यावर नाव लागते ते फक्त दंगेखोरांचे. मॉनिटर लिहितो, मग शिक्षा होते. ऋजुताच्या हे गावीही नव्हते. यमुनाने मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत येणेच बंद केले.

ऋजुताचा जीव थाऱ्यावर राहीना. एका मुलीची शाळा आपल्यामुळे सुटली, हा विचार तिला घास गिळू देईना. चौथ्या दिवशी तिने गुरुजींना सर्व सांगितले आणि आपण पुन्हा वर्गात पाऊल ठेवणार नाही, असेही सांगून टाकले.  गुरुजी तिला घेऊन थेट वर्गात गेले, फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले आणि यमुनाच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.

मुले चक्रावली. मॉनिटरने भीतभीत विचारले, "आजोबा, तुम्ही काय केलंत?"

"तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या वर्गात एका मुलाच्या चालण्याची नक्कल व्हायची. मी नक्कल केली नाही. हसलो मात्र. त्यानं शाळा सोडली."

वर्गात कुणी हूं की चूं करेना. ऋजुताला ते सोसवेना. काहीतरी बोलावे म्हणून ती दहादा उठायला गेली आणि दहादा गुरुजींनी नजरेने बसवले. अखेर मॉनिटर उठला, आपले नाव लिहून आला. मागून आणखी चौघे गेले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "बाळ, जिला लागलं होतं तिलाच तू सगळ्यांसमोर आणलंस. चिडवणारे दोघंच असतात, त्यांना बळ देतात ते हसणारे. त्यांनी स्वतःकडे पाहायला हवं. पण ते सांगून होत नाही. आधी आपलं चुकलेलं आपण कबूल करावं लागतं."

ऋजुता तशीच मागे फिरली. त्या यादीत तिने आपलेही नाव लिहिले आणि तडक यमुनाचे घर गाठले. चूक माझी होती, असे तिने दारातच सांगितले. फळ्यावर आता कोणाकोणाची नावे आहेत, तेही सांगितले.  यमुना आत जाऊन दप्तर घेऊन आली.

"उ... उद्याचं सां... सांगत नाही," ती म्हणाली. "आज ये... येते."

मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायची वेळ झाली होती. तरी ऋजुताने मध्ये एक शब्द घातला नाही, तिचे बोलणे तिलाच पुरे करू दिले.