लिंबाजी ट्रकची शाळा निवडतो

डोंगराच्या कुशीत कोंढेवाडी म्हणून एक गाव आहे. तिथं लिंबाजी नावाचा एक भोळाभाबडा गडी राहायचा. अंगानं दणकट, मनानं साफ. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. अडचण एवढीच होती की सांगितलेलंच करायचा.

"दाराकडं लक्ष ठेव," असं आई सांगून गेली, तर हा दिवसभर दाराकडं बघत बसायचा. मागच्या खिडकीतून मांजर दूध पिऊन जायचं. लिंबाजीला ते दिसायचं. पण ती खिडकी होती.

एके दिवशी त्याची आई गोदाबाई गावच्या बागायतदार आबासाहेबांच्या मळ्यातून धावतच घरी आली.

"लिंबा, नशीब उघडलं बघ! आबासाहेबांचा ड्रायव्हर काम सोडून चाललाय. आबासाहेब म्हणाले, तुझं पोरगं ट्रक चालवायला शिकलं, तर कांद्याचा ट्रक त्याच्या हातात देतो. जीप तर तुला येतीच. आता ट्रकचं तेवढं शिकून घे."

लिंबाजी हरखला. लहानपणापासून त्याला ट्रकचं वेड होतं. ट्रकचा भोंगा ऐकला की तो जेवणाच्या ताटावरून उठून पळायचा.

"कुठं शिकू?"

"बाजारगावाला हमरस्त्यावर शाळाच शाळा आहेत. पण बोर्डावर भुलू नको. साधं मडकं घेतानासुद्धा आपण ठोकून बघतो. तसं ठोकून बघ, मग ठरव."

लिंबाजी निघाला. पहिलीच शाळा होती 'हमखास मोटार ट्रेनिंग स्कूल'. आत परांडे मास्तर टेबलामागं बसून पेपर वाचत होते. मास्तरांच्या डोक्यावर केस नव्हता. डोकं कसं तुळतुळीत, गोल, उन्हात चकाकणारं.

लिंबाजीनं बोर्ड ठोकला. टेबल ठोकलं. खुर्ची ठोकली. मग मास्तरांच्या मागं जाऊन बोटं वाकवली आणि त्यांचं डोकं ठोकलं. टक टक.

"कोण रे तो!" मास्तर उडालेच.

"हलू नका," लिंबाजी कान जवळ नेत म्हणाला. "चीर नाही. पण आवाज जरा पोकळ येतोय."

मास्तरांनी पेपरची गुंडाळी केली आणि लिंबाजीला फाटकापर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "अरे, शिकवणाऱ्याला ठोकतात होय? शिकवणारा दिसला की आधी त्याचे पाय धरायचे. घट्ट धरायचे. आशीर्वाद मिळेपर्यंत सोडायचे नाहीत."

"असं होय!" लिंबाजी म्हणाला. "आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी तो 'निर्धास्त'मध्ये गेला. तिथले मुनीर उस्ताद नावाजलेले होते. लिंबाजीनं विचारलं, "उस्ताद कुठायत?" कुणीतरी ट्रककडं बोट दाखवलं. उस्ताद ट्रकखाली उताणे पडून इंजिनाचं जुनं तेल काढत होते. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे दोन पाय.

लिंबाजीला आनंद झाला. जे हवं होतं तेवढंच बाहेर होतं. त्यानं दोन्ही पाय कवटाळले.

"कोण आहे? अरे सोड!" आतून आवाज आला.

"आशीर्वाद द्या, मग सोडतो."

"अरे सोड, बूच निसटलं! तेल यायला लागलं!"

"येऊ द्या. आशीर्वाद द्या."

उस्तादांनी पाय झाडले. लिंबाजीनं आणखी घट्ट धरले. आतून भळभळ आवाज आला, मग गुळगुळ आवाज आला. शेवटी उस्ताद जिवाच्या आकांतानं ओरडले, "सुखी राहा, बाबा! पोरंबाळं होऊ देत! पण सोड!"

लिंबाजीनं लगेच सोडले. उस्ताद बाहेर आले ते डोळ्यांची बुबुळं सोडली तर संपूर्ण काळे. दात होते, तेही काळे.

"मी शिकायला आलोय," लिंबाजी हात जोडून म्हणाला.

"मग एवढंच शीक!" उस्ताद तोंड पुसत गरजले. "माणूस कामात असला की त्याला हात लावायचा नाही! मधे बोलायचं नाही! लांब उभं राहायचं आणि काम उरकेपर्यंत गप बघायचं! आता चालता हो!"

लिंबाजीनं ते पक्कं ध्यानात ठेवलं. एका दिवसात एवढं शिकवणारा उस्ताद आपल्याला मिळाला नाही, याचं त्याला जरा वाईटही वाटलं.

पुढची शाळा होती 'बिनघोर'. ही जरा चढावर होती. वर ट्रक उभा, खाली पत्र्याचं ऑफिस आणि त्याच्या बाजूला केरबा मास्तर बाकावर बसून चहा पीत होते. समोर नवे पोरगे बसले होते आणि मास्तर त्यांना सांगत होते, "अख्ख्या आयुष्यात माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही. का? तर माझं चारी बाजूंनी लक्ष असतं."

तेवढ्यात मास्तरांच्या पाठीमागं ट्रक किंचित हलला. मग मागं सरकला. हँडब्रेक लावायचा राहून गेला होता.

लिंबाजीनं ते बघितलं. तो विचार करू लागला. मास्तर चहा प्यायच्या कामात होते. पोरं ऐकायच्या कामात होती. ट्रक खाली यायच्या कामात होता. कुणाच्याच कामात मधे पडायचं नव्हतं. तो चार पावलं लांब सरकला, हाताची घडी घातली आणि गप बघत राहिला.

ट्रक सावकाश आला. आधी त्यानं बोर्ड घेतला. मग फुलांच्या कुंड्या घेतल्या. मग ऑफिसच्या पत्र्यात शिरला आणि तिथं खुर्चीवर रेलून थांबला. पत्रे धडाधड कोसळले. मास्तरांच्या हातात कपाचा नुसता कान राहिला.

"तू... तू तिथं उभा होतास?" मास्तरांनी लिंबाजीला विचारलं.

"होय."

"गाडी सुटलेली बघितलीस?"

"पहिल्यापासून. फार चांगली दिसली."

"मग बोलला का नाहीस?"

"काम उरकू दिलं," लिंबाजी म्हणाला.

मास्तर केस उपटायचेच बाकी होते. "अरे शहाण्या! चाक फिरताना दिसलं की बोंब मारायची! जीव खाऊन बोंब मारायची, आणि धावत जाऊन चाकाखाली धोंडा घालायचा! कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला. "आधी सांगायचं की."

त्या गावात आता एकच शाळा उरली होती. 'कमळजाई जड वाहन शाळा'. ती शेवंताबाई चालवायची. शेवंताबाईनं नवऱ्याच्या माघारी ट्रकवर घाट चढून उतरून संसार केला होता. तिच्या आवाजाला रस्त्यावरचे बैलसुद्धा बाजूला व्हायचे. पण त्या दिवशी ती वैतागलेली होती. तिचा एक शिष्य, आनंदा, काही केल्या क्लच नीट सोडत नव्हता. ती "हळू" म्हणाली की तो जोरात सोडायचा. "थांब" म्हणाली की तिच्याकडं बघून "का?" म्हणून विचारायचा. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी पहिल्यांदा आनंदाला गाडी जागची हलवता आली. शेवंताबाईचा चेहरा खुलला.

"जमलं! जमलं रे आनंदा!"

आणि फाटकातून लिंबाजी आत आला. त्याला फिरतं चाक दिसलं.

"धावाऽऽ! चाक सुटलंऽऽ!"

अशी काही बोंब त्यानं मारली की झाडावरचे कावळे उडाले. आनंदानं दार उघडून उडी टाकली आणि तो ज्वारीत दिसेनासा झाला. लिंबाजी भलामोठा धोंडा उचलून पळाला आणि चाकाखाली घालून मोकळा झाला. ट्रकनं आचका दिला आणि बंद पडला.

शेवंताबाई खाली उतरली. लिंबाजी घाम पुसत उभा होता. आपण एक गाडी वाचवली, याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"केरबा मास्तरांनी."

"आणि कुठं कुठं जाऊन आलास?"

लिंबाजीनं सगळं सांगितलं. परांडे मास्तरांचं डोकं सांगितलं. मुनीर उस्तादांचे पाय सांगितले. केरबा मास्तरांचं ऑफिस सांगितलं. शेवंताबाई आधी गालात हसली, मग पदर तोंडात धरून हसली, मग धोंड्यावरच बसून डोळे पुसू लागली.

"म्हणजे जे सांगतील ते तू करतोस?"

"होय."

"जसंच्या तसं?"

"दुसरं कसं करणार?" लिंबाजीनं विचारलं.

शेवंताबाईला आजवर भेटलेले सगळे शिष्य आपल्या मनाचं करणारे. हा एकच असा. तिनं तिथंच ठरवलं. "तू शाळा निवडू नको. शाळेनंच तुला निवडलंय. आता ऐक. मालकानं सांगितल्याशिवाय गाडीत बोटसुद्धा हलवायचं नाही. मालकानं सांगितलं की लगेच करायचं. इथं मालक मी."

आणि खरं सांगायचं तर लिंबाजीसारखा शिष्य त्या शाळेत झाला नाही. "डावीकडं" म्हटलं की डावीकडं. "हळू" म्हटलं की हळू. "थांब" म्हटलं की जागच्या जागी. परीक्षेला साहेब आले. "आजच्या दिवस मालक हे," शेवंताबाईनं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मागं घे." यानं मागं घेतला. ते म्हणाले, "बस." हा बसलेलाच होता. लायसन हातात पडलं.

गोदाबाईला रडू आवरेना. आबासाहेबांनी शेवंताबाईला निरोप धाडला की ट्रक तुमच्या शाळेपाशी पाठवलाय, लिंबाजीलाच तो घेऊन येऊ द्या, आमच्या दारात पूजा करू.

शेवंताबाईनं त्याला निरोप देताना पाठीवर हात ठेवला. "लिंबाजी, आता मी तुझी मालकीण नाही. आबासाहेब तुझे मालक. यापुढं त्यांचं ऐकायचं. दुसऱ्या कुणाचंही नाही."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं ट्रक असा झोकात आणला की सगळं गाव बघत राहिलं. आबासाहेबांनी नवंकोरं घर बांधलं होतं. पुढं ऐसपैस ओसरी, दाराला झेंडूचं तोरण. सगळी मंडळी अंगणात जमली होती. आबासाहेबांच्या पत्नी आरतीचं ताट घेऊन उभ्या. गोदाबाई नवं लुगडं नेसून उभी. लिंबाजीनं ट्रक बरोबर दारासमोर आणून उभा केला आणि इंजिन चालू ठेवून आतच बसून राहिला. उतर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पूजा झाली. ट्रकला हार घातला. आबासाहेबांचा ऊर भरून आला. ते हात पसरून म्हणाले, "अरे लिंबाजी, असा दारात काय थांबलास? आत ये, आत!"

लिंबाजीनं दाराकडं बघितलं. मग बोनेटकडं बघितलं.

"आत येऊ?"

"ये की! लाजतोस काय?"

"आबा, मावंल का?"

"न मावायला काय झालं!" आबासाहेब हसले. "अख्खं वऱ्हाड मावतं आमच्या ओसरीत. ये बिनधास्त!"

मालकानं सांगितलं की लगेच करायचं. लिंबाजीनं पहिला गिअर टाकला.

"अरे लिंबाऽऽ, थांब!" गोदाबाई किंचाळली. पण ती मालक नव्हती.

ओसरीचे खांब गेले. तोरण गेलं. दार चौकटीसकट आत गेलं. माणसं दाही दिशांना पळाली, आरतीचं ताट गरगर फिरत गोठ्यात गेलं. धुरळा बसला तेव्हा ट्रक बैठकीच्या खोलीत उभा होता. आरशावर झोपाळ्याची कडी लटकत होती, बोनेटवर लोड आणि तक्के नीट मांडल्यासारखे पडले होते.

लिंबाजीनं काच खाली केली. मागून आबासाहेब आत आले. अंगभर चुना. ते भिंतीकडं बघत होते, म्हणजे जिथं भिंत होती तिकडं.

"आबा," लिंबाजीनं अदबीनं विचारलं, "एवढं आत पुरे, की आणखी?"

 आबासाहेबांनी डोकं धरलं आणि ते कसंबसं म्हणाले, "अरे देवा... आता पुढं..."

"पुढं? बरं," असं म्हणून लिंबाजीनं पुन्हा गिअर टाकला.

पुढं स्वयंपाकघर होतं.