धुराच्या खोलीतलं कौतुक

“…मग माझं चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा मास्तर!”

परुळेकर मास्तर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि पुढची शेंग उचलली.

सावे धुमसत होता. अख्ख्या महानगराच्या अग्निशमन दलात आपल्यासारखा आवाज कुणाचा नाही, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. अधूनमधून तो ते इतरांनाही कळवत असे. शहरभर पसरलेली केंद्रं, त्यांचे बंब, आगीत शिरलेले जवान, सगळे एकाच रेडिओ चॅनलवर; आणि मधोमध, नियंत्रण कक्षातल्या खुर्चीवर, सावे. त्या खुर्चीत बसायला त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं.

परवा कापडाच्या गोदामाला आग लागली आणि सावेनं कमाल केली. हा बंब इकडे, ती शिडी तिकडे, टँकर मागच्या गल्लीतून… गडी एकदाही अडखळला नाही. आग आटोक्यात आली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. फक्त तांडेल नावाचा जवान आतल्या जिन्याखाली बेशुद्ध सापडला. तो अजून शुद्धीवर आला नव्हता.

“उद्या चौकशी आहे,” सावे म्हणाला. “मी खरं तेच सांगणार. आत अडकलो की रेडिओवर हाक द्यायची, हा पहिला नियम. तांडेलनं हाक दिलीच नाही. चूक त्याची आहे.”

“दिलीच नाही?”

“रेकॉर्डिंग आहे ना! पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय मी. सगळा माझाच आवाज आहे.”

मास्तरांच्या हातातली शेंग फोडायची राहिली.

“आणि तो श्वास?”

दर सूचनेनंतर बटण सोडायचं, एक श्वास गप्प राहायचं आणि मगच पुढचं बोलायचं. पहिल्या दिवशी मास्तरांनी एवढंच शिकवलं होतं. म्हाताऱ्याची खोड म्हणून सावेनं ते केव्हाच सोडून दिलं होतं.

“आग भडकलेली असताना श्वास कसले घेत बसायचे, मास्तर?”

“बरं…” मास्तर उठले. “चल माझ्याबरोबर.”

प्रशिक्षण केंद्राच्या मैदानाच्या टोकाला शिकाऊ जवानांसाठी धुराची खोली होती. दार लोखंडी, खिडकी नाही. धूर बनावट, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पण जीव काही जात नाही. मास्तरांनी एक वॉकीटॉकी सावेच्या हातात दिली, दुसरी स्वतःकडे ठेवली.

“बाहेर यावंसं वाटलं की हाक दे.”

सावेला हसूच आलं. असल्या खोलीत त्यानं स्वतः शेकडो पोरं कोंडली होती.

बाहेरून कडी लागली. धूर भरू लागला, आणि हातातल्या वॉकीटॉकीतून मास्तरांचा आवाज आला. “आमचा सावे म्हणजे हिरा! असा आवाज उभ्या आयुष्यात ऐकला नाही मी…”

सावे सुखावला. धुरात उभा राहून सुखावला, बोला आता!

मग खोकल्याची उबळ आली. दार कुठल्या बाजूला ते कळेना. त्यानं बटण दाबलं. “मास्तर, बस झालं. उघडा. ओव्हर.”

बटण सोडलं.

“…कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही…”

त्यानं पुन्हा दाबलं. “मास्तर, दार!”

“…नाव काढलं हो पोरानं…”

 धूर खोटा आहे हे ठाऊक असूनही छातीत काही केल्या हवा जाईना. चाचपडत तो दाराशी पोचला आणि दोन्ही मुठींनी लोखंड बडवू लागला. मास्तर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले असावेत.

“मास्तर, मी आत आहे हो! मी आत आहे!”

“…अशी माणसं हवीत दलात…”

आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बटण दाबून बोलणाऱ्याला दुसऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही. हे तो स्वतः शिकाऊ पोरांना शिकवायचा.  तो दाराशी होता तिथेच खाली बसला. गोदामातल्या जिन्याखाली तांडेल असाच बसलेला सापडला होता.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. मास्तर उन्हात उभे होते. बटण अजून त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

“मी… मी हाका मारत होतो.”

“हो का? मला नाही आल्या ऐकू. तुझंच कौतुक करत होतो.”

  हातातली वॉकीटॉकी सावेनं जमिनीवर ठेवली. तिला धरून राहायची त्याला भीती वाटत होती.

“मास्तर… तांडेलनं किती वेळा हाक मारली असेल हो?”

मास्तरांनी बटणावरचा अंगठा उचलला. एक श्वास घेतला.

“काय सांगणार? रेकॉर्डिंगमध्ये तर सगळा तुझाच आवाज आहे.”