सनईचे धडे आणि परक्याचा पासवर्ड

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध कारागीर मोबाइल दुरुस्त करीत असत. आयुष्यभर घड्याळे उघडली, साठी उलटल्यावर ही विद्या शिकले. लोक त्यांना नाना म्हणत. त्यांचा एक शिष्य होता; हात सफाईदार, पण लोकांच्या अकलेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

गावचे सनईवादक महिपती गुरव यांच्या दिवंगत वडिलांचे सनईचे धडे रेकॉर्ड करून गुरवांच्या फोनमध्ये ठेवलेले होते. एकदा फाइली चाळताना त्यातले काही गुरवांच्या हातून पुसले गेले. शिष्याने दोन दिवस खपून ते परत मिळवले आणि फाइली दाखवणाऱ्या ॲपला आपला पासवर्ड घालून टाकला. पुढे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनला तो न विचारता हेच करू लागला. वर म्हणे, त्यांच्याच भल्यासाठी!

चैत्रात शिष्य मावसबहिणीच्या लग्नाला गेला. तिथे रेंज नव्हती, आणि पासवर्ड नानांनाही ठाऊक नव्हता. नेमके तेव्हाच गुरवांचे रेकॉर्डिंगचे ॲप उघडेना. धडे आत शाबूत, पण फाइलींच्या ॲपची दुसरी वाट शिष्याच्या पासवर्डने बंद. आठवड्यावर देवीची यात्रा आली होती, लेक पहिल्यांदाच देवीपुढे वाजवणार होती आणि तिला बसवायची चीज त्याच धड्यांत होती. तीन दिवस गुरव दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आपल्याच बापाचा आवाज ऐकायला परक्याची वाट पाहायची, याचा मला तर संताप येतो.

चौथ्या दिवशी शिष्य परतला. गुरव दुपारी यायचे होते. नानांनी शिष्याच्या हत्यारपेटीला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि लागेल ते मागून घे म्हणाले. चिमटा मागा, स्क्रूड्रायव्हर मागा. चौथ्या खेपेला शिष्य वैतागला.

"नाना, हत्यारं माझी आहेत."

"आहेत ना. पण तुला इजा होईल. पहिल्याच महिन्यात पात्यानं बोट कापून घेतलं होतंस."

"तेव्हा तुम्ही पट्टी बांधलीत. पातं काढून नाही घेतलं," शिष्य म्हणाला.

"पातं धरायचं कसं, ते शिकवलं," नाना म्हणाले. "फोन चालवणाऱ्या फाइली हव्या तर बाजूला ठेव. पण माणसानं स्वतः साठवलेलं त्याच्यापासून लपवू नकोस. तो चुकेल, हे खरं. म्हणून त्याला आधी प्रत काढायला शिकव."

दुपारी गुरव आले. शिष्याने पासवर्ड काढला, धड्यांची प्रत त्यांच्याच हातून काढवली आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. गुरवांनी बोट पुढे केले, पण टेकवले नाही. चुकलं तर, असे त्यांनी विचारले.

"चुका की. प्रत आहे," शिष्य म्हणाला.

बोट टेकले. दुकानात सनईचे दोन सूर उमटले, आणि मागोमाग गुरवांच्या वडिलांचा करडा आवाज आला, "पुन्हा घे." गुरवांनी डोळे पुसले. नानांनी किल्ली शिष्यापुढे सरकवली.

आईवडिलांचा फोन 'सोपा' करून देताना आपण त्यातले काय काय दडवले आहे, ते आज घरी गेल्यावर पाहावे.