उघड्या बंदराचा दोर

फार फार पूर्वी समुद्राकाठी एक राज्य होते. नकाशावर बोट ठेवले तर बोटाखाली झाकून जाईल, एवढेच. सोन्याची खाण नाही, काळी जमीन नाही. होती ती नारळाची झाडे आणि काथ्याचे दोर वळणारी माणसे. पण काय दोर! दूरदेशीची गलबते वाट वाकडी करून त्यासाठी यायची.

तिथली रीतच तशी होती. दोर वळून झाला, की वळणाऱ्याने तो स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि साऱ्या गावासमोर समुद्रावरच्या कड्याला लोंबकळायचे. मगच तो दोर बाजारात जायचा. कच्चा पीळ ठेवायची कुणाची छाती होईल, तुम्हीच सांगा!

एके वर्षी शेजारच्या राज्याचा दोर निम्म्या भावात बंदरात आला. गिऱ्हाइके तिकडे वळली. दोरवाल्यांच्या आळीत चुली पेटेनाशा झाल्या. राजा मोठा कनवाळू. त्याने घाईघाईने फर्मान काढले, "परका दोर बंदरात उतरवायचा नाही!"

आळीत आनंदीआनंद झाला. आता लोक घेतील तर आपलाच दोर घेतील, मग कड्यावर जीव कशाला टांगायचा? रीत सुटली, पिळात ढिलाई आली. पहिल्याच वादळात गावच्या कोळ्यांच्या तीन होड्या दोर तुटून वाहून गेल्या. ही बातमी पसरली आणि परदेशी गलबते यायचीच थांबली.

तेव्हा आळीतली सर्वांत वयस्क दोरवाली दरबारात आली. "महाराज, बंदर उघडा," ती म्हणाली.

"आजीबाई, अशाने तुम्ही बुडाल!"

"बुडतोच आहोत की! दार लावून तुम्ही आम्हाला वाचवलं नाहीत, आळशी केलंत. चूक आमचीही आहे. आधी तो परका दोर मला आणून द्या."

प्रधान मध्येच म्हणाला, "त्यापेक्षा मजुरी निम्मी करू. दोर आपोआप स्वस्त होईल."

"उपाशी हातांनी पीळ बसत नाही, प्रधानजी."

दोर आला. म्हातारीने भर दरबारात बसकण मारली आणि त्याचे पेड उलगडले. काथ्या हलका होता, नीट भिजवलेलाही नव्हता. पीळ मात्र टोकापासून टोकापर्यंत एकसारखा. "हा हाताने वळलेला नाही, चाकावर वळलाय," ती म्हणाली. "हे त्यांच्याकडून शिकायला हवं. त्यात कसली आलीय लाज?"

बंदर उघडले. सुताराने चाक बनवले. ते तीनदा मोडले, चौथ्यांदा चालले. आपला मुरवलेला काथ्या, त्यांचे चाक आणि पुन्हा कड्यावरची परीक्षा! चार दिवसांचे काम एका दिवसात होऊ लागले. कुणाची मजुरी न कापता दोर स्वस्त झाला. वर्षभरात बंदरात गलबते मावेनात. खुद्द शेजारच्या राज्याचे तांडेल आपल्या नांगरांना हाच दोर बांधू लागले. सारी आळी ताठ मानेने चालू लागली, आणि का चालू नये?

राजाला मात्र नवीच धास्ती. "आजीबाई, ते आता आपली युक्ती उचलतील. बंदर बंद करू का?"

म्हातारी हसली. "राहू द्या उघडं, महाराज. ते हे शिकेपर्यंत आम्ही पुढचं शिकलेलो असू."

त्यानंतर ते बंदर कधीच बंद झाले नाही.

ऐकणाऱ्यांनी एवढे गाठीला बांधावे: जो देश आपला माल आधी स्वतः कठोरपणे पारखतो आणि परक्याकडून शिकायलाही लाजत नाही, तोच जगाच्या बाजारात ताठ उभा राहतो.