हवाबीने अडवलेले पाणी

कोकणच्या किनारी, खाडी जेथे समुद्रास मिळते, तेथे खारशेत नामक ग्राम आहे. त्या ग्रामाच्या टोकास, वाळूच्या निर्जन पट्ट्यावर, नूरशहा बाबा झावळ्यांच्या खोपटात वास्तव्य करीत असत. भाविकहो, त्यांच्या शेजारास एकच झोपडी होती. तीत हवाबी आपल्या तान्ह्या लेकीसह राहत असे. तिचा पती गलबतावर खलाशी म्हणून गेला, तो परतलाच नाही. तिची आई जमातीचे पुढारी अब्बासमियां यांच्या घरी बांदी, म्हणजे दासी, होती, म्हणून तिला गावात कोणी "ये, बस" असे म्हणत नसे. दिवसचे दिवस तिच्या कानी लाटांवाचून दुसरा आवाज पडत नसे.

एका वैशाखात सर्व विहिरी आटल्या. केवळ अब्बासमियांच्या विहिरीस पाणी उरले. लेकीस ताप भरला, तेव्हा हवाबी हंडा घेऊन तेथे गेली.

"काय गो हवाबी, वाट चुकलीस काय?" अब्बासमियां ओट्यावरून हसले. "आमचं रक्त अरबाचं, थेट इस्माईल नबींच्या वंशातलं! या विहिरीला बांदीच्या लेकीचा हंडा लागायचा नाय."

"मियां, माझं राहू दे. पोरीपुरतं तांब्याभर द्या."

"जा तुझ्या फकिराकडं! तो वाळू पिळून देईल."

हवाबी रिता हंडा घेऊन बाबांपाशी आली. "बाबा, माझं ऐकणारं कोणी नाय वो!"

बाबांचे नेत्र पाणावले. ते म्हणाले, "बेटी, हाजिरामाईसुद्धा ओसाड वाळवंटात बाळासह अशीच एकटी होती. पाण्यासाठी दोन टेकड्यांमध्ये धावत होती. त्या बाळाचे नाव इस्माईल; तेच पुढे नबी, म्हणजे देवाचे प्रेषित, झाले. त्या नावाचा अर्थच 'देव ऐकतो' असा आहे. लेकीला येथे ठेव आणि तू हाक मार."

हवाबी दोन खडकांमध्ये हाका मारीत धावू लागली. उत्तरास केवळ वारा! थकून परतली, तो काय आश्चर्य! बाबांनी वाळूवर हात ठेवला होता, आणि लेकीच्या टाचेखालून पाणी उसळत होते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी अमृतासारखे गोड! हवाबी दोन्ही हातांनी वाळूचा बांध घालू लागली. "थांब रे, थांब!"

"माईनेही बाळाच्या टाचेखालून फुटलेला झरा असाच अडवला होता," बाबा म्हणाले.

त्याच रात्रीच्या भरतीस समुद्राचे पाणी पाझरून अब्बासमियांची विहीर खारट झाली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः हंडा घेऊन आले. "बाबा, आमच्या अम्माचा घसा सुकलाय. पाणी द्या."

"पाणी माझे नव्हे, हवाबीचे आहे," बाबा म्हणाले. "मियां, जुरहुम टोळीचे अरब माईच्या त्या झऱ्यापाशी आले, तेव्हा त्यांनी त्या एकट्या बाईची परवानगी मागितली. तिने ती दिली, म्हणून तेथे वस्ती झाली. त्यांच्यातच इस्माईल वाढले, त्यांच्यातच त्यांचे लग्न झाले. ज्या माईपासून तुम्ही वंश सांगता, तिलाही लोक बांदीच म्हणत होते."

अब्बासमियांची मान खाली गेली. "हवाबी... बहिणी, परवानगी दे."

हवाबीने स्वहस्ते हंडा भरला. मग लेकीकडे पाहत हळूच म्हणाली, "रोज न्या, मियां. फक्त, आलात की जरा बसत जा."

अम्मास पाणी पाजून अब्बासमियां परत आले आणि बाबांच्या चरणी वाकू लागले. बाबांनी पाय आवरून झोपडीकडे बोट दाखविले. तेव्हा ते हवाबीच्या उंबऱ्यापुढे वाकले, आणि तेथेच वाळूवर बसले. बराच वेळ बसले.