भुरक्याने गेलेलं शिखर

समोर तो डोंगर दिसतोय ना, वरून सपाट? पूर्वी त्याला चांगलं टोकदार शिखर होतं, असं सांगतात. ते चहापायी गेलं. हसू नका, ऐका.

संस्थानाच्या काळात या घाटाखाली हौसाक्का गाडीवानांसाठी चहा करायची. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. चहा जमला की नाही, हे ती गिऱ्हाइकाच्या भुरक्यावरून ओळखायची. लांब भुरका आला की चहा फक्कड. मध्येच तुटला की आलं कमी.

मग नवा दिवाण आला, विलायतेत शिकलेला. वरच्या बंगल्यात या भुरक्यांनी त्याची झोपमोड व्हायला लागली. त्याने हुकूम काढला: चहा पिताना आवाज करील त्याची बैलजोडी जप्त. हुकूम कागदावर लिहून चुलीसमोरच्या वडाला चिकटवला.

गाडीवान घाबरले, मुकाट प्यायला लागले. हौसाक्काला सांगायची लाज वाटली सगळ्यांना. तिला वाटलं, आपलाच हात बिघडला. तिने आलं वाढवलं, साखर वाढवली, म्हैससुद्धा बदलली म्हणे. तरी शांतता. आठव्या दिवशी तिने चुलीवर पाणी ओतलं.

"माझ्या हातचा चहा मेला," म्हणाली.

गणू आंबवणे गाडीवानाला राहवलं नाही. "आक्के, चहा नाही मेला. आम्ही मेलोय." आणि त्याने तो कागद तिला वाचून दाखवला.

हौसाक्का उठली. "किटली घे. बंगल्यावर चला. बैलं पण आणा, नेऊ दे त्याला सगळी एकदम."

बंगल्याच्या पायरीवर तिने चूल मांडली. सगळं गाव बशा घेऊन बसलं. दिवाण बाहेर आला, म्हणाला, "चहा चांगला झालाय असं तोंडाने सांगा की! आवाज कशाला?"

"तोंडाने माणसं खोटं बोलतात, साहेब," हौसाक्का म्हणाली. "प्या रे!"

दोनशे बशांचा भुरका एकदम निघाला. म्हणे वारा उलटा फिरला. आधी दिवाणाची टोपी ओढली गेली, मागोमाग डोंगराचं शिखर. ते कुणाच्या बशीत गेलं हे नक्की माहीत नाही. गणू मात्र "जरा कचकच लागतेय" म्हणाल्याचं सांगतात.

हौसाक्का कान देऊन ऐकत होती. भुरका संपल्यावर म्हणाली, "आलं थोडं कमी पडलं."

दिवाणाने स्वतःच्या हाताने वडावरचा कागद फाडला आणि बदली मागून घेतली.

आजही आमच्या गावात चहा चांगला झालाय असं कुणी बोलून दाखवत नाही. करणारीला तो अपमान वाटतो. बंगल्याचं आता सरकारी विश्रामगृह झालंय. भिंतीवर मोठी पाटी आहे, 'शांतता राखा'. सकाळी सगळं गाव बशा घेऊन त्या पाटीखालीच बसतं.