कोंडाईने खाण पाहिली

फार वर्षांपूर्वी, हिवरखोरीला वेस होती आणि वेशीला दारं होती, तेव्हा गावात कोंडाई नावाची कुंभारीण राहायची. तिला एक खोड होती. कोणी म्हण टाकली, की लोक माना डोलवायचे आणि ही विचारायची, "पाहिलंया का?" कोणी पाहिलेलं नसेल, तर स्वतः पाहायला बसायची.

लोक म्हणत, गाढवाला गुळाची चव काय? कोंडाईने गाढवापुढे एका पाटीत कडबा ठेवला, एका पाटीत गूळ. गाढवाने कडब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्या दिवसापासून गुळाचा खडा मिळाल्याशिवाय ते मातीची गोण पाठीवर घेईना. ही म्हण खोटी ठरली. मग तिने कुत्र्याचं शेपूट सहा महिने नळीत घालून ठेवलं. नळी काढली, तर शेपूट वाकडंच. ही खरी ठरली. ते कुत्रं मात्र जन्मभर तिला पाहिलं की पळत सुटायचं, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही.

त्याच गावात वेणू नावाची मुलगी मावशीकडे वाढत होती. ती तान्ही असताना दुष्काळ पडला, आणि तिच्या आईला पाटलाच्या पेवातून ओंजळभर जोंधळे काढताना धरलं. गावाने तिला बाहेर काढून वेशीची दारं लावली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. पुढे वेणूचं लग्न ठरलं, हळद लागली, वऱ्हाड मांडवात आलं, आणि कोणीतरी ही जुनी गोष्ट नवरदेवाच्या मामाच्या कानात घातली.

मामा ताडकन उठला. "खाण तशी माती," तो म्हणाला. "जुंपा गाड्या!"

हळद लागलेली मुलगी मांडवात टाकून वऱ्हाड गेलं, तर तिला पुन्हा कोण विचारणार? मावशी पदर तोंडाला लावून रडू लागली.

कोंडाई तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड रचत होती. हातातलं मडकं खाली ठेवून ती म्हणाली, "पाव्हणं, पाहिलंया का?"

"काय?"

"खाण. चाळीस वर्सं मी गावच्या खाणीतनं माती आणते, पर कमरेखाली कधी खणली न्हाई. चला, बघू. समदी एकसारखी निघाली, तर खुशाल गाड्या जुंपा."

म्हातारीची खोड मोडावी, म्हणून मामा निघाला. त्याच्यामागे सगळं वऱ्हाड खाणीवर गेलं.

कोंडाई कुदळ घेऊन खाली उतरली. वर वेणूने हळदीच्या हातांनी पाटीचा दोर धरला. पहिल्या पाटीत काळी माती आली. "बघा!" मामा म्हणाला. दुसरीत तांबडी आली, आणि मामा काठाशी सरकला. मग पिवळी आली, मग राखाडी. लोक लग्न विसरून काठावर वाकले. भटजींनासुद्धा मुहूर्ताची आठवण राहिली नाही. पाचवी पाटी इतकी जड होती, की एकट्या वेणूला ओढेना. तेव्हा दोराला आणखी दोन हात लागले. मामाच होता तो, आणि खाली वाकून विचारत होता, "आता कंची गं, आजी?"

सातवी माती दुधासारखी पांढरी निघाली. खालून आवाज आला, "खाण एक, मात्या सात. सांगा पाव्हणं, पोर ह्यातली कंची?"

मामाने आपल्या तळहातांकडे पाहिलं. दोरावरची हळद त्यांना लागली होती.

"न्हाई सांगता येत," तो म्हणाला. "बघावं लागंल."

तेवढ्यात खाणीच्या तळाशी झरा फुटला, आणि पाण्याने कोंडाईला अलगद उचलून काठावर आणून बसवलं. तिच्या लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता, असं म्हणतात. हेही मी पाहिलेलं नाही.

लग्न लागलं. सासरी निघताना वेणूने वेशीपाशी गाडी थांबवली आणि पाटलाला म्हणाली, "माझ्या आईची चूल त्या दुष्काळात पेटली का न्हाई, ते कुणी पाहिलं व्हतं का?" पाटलाने खाली मान घातली.

हिवरखोरीत आजही लग्नाची उतरंड सात मात्यांच्या सात मडक्यांची असते. नवरदेवाचा मामा नवरीच्या मुठीत मातीचं एक ढेकूळ ठेवतो आणि म्हणतो, "बघू." ते कोणत्या थरातलं, हे विचारायचं नसतं. आणि वेणू सासरी गेली त्या दिवशी पाटलाने वेशीची दारं काढून ठेवली, एखादे वेळी तिची आई परत आली तर वाट उघडी असावी म्हणून. ती पुन्हा कोणी बसवली नाहीत. वेशीच्या दगडात बिजागरीची रिकामी भोकं आहेत. ती मात्र मी पाहिली आहेत.